कॅनडातल्या निवासी शाळांची भरपाई: अर्ज कोणाचा बसतो, कागद कोणते लागतात

कॅनडातल्या मराठी घरांमधून दर 30 सप्टेंबरला मुलं नारिंगी शर्ट घालून शाळेत जातात. तो दिवस निवासी शाळांत डांबलेल्या आदिवासी मुलांच्या आठवणीचा. त्या मुलांपैकी जे आज हयात आहेत, त्यांतले बरेचजण आता वयस्कर आहेत. दवाखान्यात, वृद्धाश्रमात किंवा बँकेत काम करणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही त्यांच्यातलं कुणी विचारू शकतं, ‘माझा अर्ज बसतो का?’ आधी एक गोष्ट लक्षात घ्या: ही एकच योजना नाही. शाळांबद्दलच्या दाव्यांत सरकारशी झालेल्या, न्यायालयाने मंजूर केलेल्या वेगवेगळ्या तडजोडी आहेत, आणि प्रत्येकीची पात्रता आणि मुदत वेगळी आहे.

पहिली तडजोड निवासी शाळांची. सरकार आणि चर्चने मिळून चालवलेल्या या शाळांत फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या तीन आदिवासी समाजांच्या सुमारे दीड लाख मुलांना ठेवलं गेलं. 2006 साली करार झाला आणि 19 सप्टेंबर 2007 पासून तो लागू झाला. यादीतल्या शाळेत राहिलेल्या आणि 30 मे 2005 रोजी हयात असलेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षासाठी 10,000 डॉलर आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी 3,000 डॉलर ठरले. वर्षाचा काही भाग राहिलेला असला तरी पूर्ण वर्ष धरलं जाई. ओळखीचा पुरावा, शाळेचं नाव आणि राहिल्याची वर्षं एवढंच अर्जदाराने द्यायचं; हजेरीपट आणि शाळेच्या नोंदी सरकारने स्वतःच्या दप्तरात शोधायच्या. कागदावर हे रास्त दिसतं. पण कित्येक शाळांचे हजेरीपट जळालेले किंवा हरवलेले होते, आणि कित्येक मुलांची नावं शाळेतच बदललेली होती. ज्या मुलाला नावाऐवजी नंबरने हाक मारली, त्याने साठ वर्षांनी आपण तिथे होतो हे कसं दाखवायचं? म्हणून फेरविचाराची आणि त्यानंतर अपिलाची सोय ठेवावी लागली. हे अर्ज 19 सप्टेंबर 2011 ला बंद झाले.

लैंगिक अत्याचार आणि गंभीर मारहाणीसाठी वेगळी प्रक्रिया होती. ती 19 सप्टेंबर 2012 ला बंद झाली, तोवर 38,000 हून जास्त अर्ज आले होते. सुनावणी बंद दाराआड होई. प्रश्न फक्त निवाडा करणारा अधिकारी विचारी, वकिलांची उलटतपासणी नसे. सोबत घरचं माणूस किंवा समाजातले वडीलधारे बसू शकत, गरुडाचं पीस हातात धरून शपथ घेता येई. अत्याचाराचं स्वरूप आणि त्याचे आयुष्यावरचे परिणाम यांना गुण देऊन रक्कम ठरे: कमाल 2,75,000 डॉलर, आणि बुडालेलं उत्पन्न सिद्ध झालं तर त्याहून जास्त. यासाठी दवाखान्याचे, आयकराचे, कधी तुरुंगाचेही कागद जोडावे लागत. लहानपणी झालेल्या अत्याचाराला गुण मोजून किंमत लावायची, ही कल्पनाच मला पटत नाही. तरी साध्या दिवाणी खटल्यापेक्षा ही वाट नक्कीच माणुसकीची होती.

संध्याकाळी घरी परतणारी मुलं या करारात बसली नाहीत. सरकारी दिवसशाळांची तडजोड 2019 मध्ये मंजूर झाली. तिच्यात सुनावणी नव्हती, सगळं कागदावर. पाच पातळ्या होत्या, 10,000 पासून 2,00,000 डॉलरपर्यंत. पहिल्या पातळीला शाळेत गेल्याचं स्वतःचं निवेदन पुरे होतं. वरच्या पातळ्यांना घडलेलं लिहून द्यायचं, असतील तर नोंदी जोडायच्या, नसतील तर प्रतिज्ञापत्र. इथेच अनेकजण अडकले. भीतीने किंवा लाजेने आधी पहिल्या पातळीवर खूण केली, पुढे बोलण्याचं बळ आलं, तेव्हा अर्ज बदलता येईना. न्यायालयानेही तशी मुभा नाकारली. हे अर्जही 2023 च्या जानेवारीत बंद झाले. निवासी शाळेत दिवसापुरतं जाणाऱ्यांच्या 10,000 डॉलरच्या अर्जांची मुदत 4 ऑक्टोबर 2023 ला संपली.

आता उघडं काय आहे? बोर्डिंग होमची तडजोड. शाळेसाठी सरकारने घरापासून दूर, परक्या कुटुंबात ठेवलेली मुलं हिच्यात येतात. मुख्य कालखंड 1 सप्टेंबर 1951 ते 30 जून 1992. अर्ज 21 ऑगस्ट 2024 ला सुरू झाले, शेवटची तारीख 22 फेब्रुवारी 2027. असं ठेवलं गेलं होतं एवढ्यासाठी 10,000 डॉलर. अत्याचार झाला असेल तर दुसऱ्या प्रकारात आणखी 10,000 ते 2,00,000. मदत करणाऱ्याने एवढं पाहावं: ओळखपत्रावरचं नाव आणि लहानपणचं नाव वेगळं असेल तर दोन्ही लिहावीत, गावाचं, शाळेचं आणि ज्यांच्या घरी ठेवलं त्यांचं नाव आठवेल तसं लिहावं, तारीख नक्की आठवत नसेल तर अंदाजे साल द्यावं. आणि दुसऱ्या प्रकाराचा अर्ज घाईने भरून घेऊ नये. दिवसशाळांच्या वेळी काय झालं ते वर लिहिलंच आहे. माणूस आज बोलायला तयार नसेल, तर अजून वेळ आहे.

शेवटी एक वेगळा अर्ज, ज्यात पैशाचा संबंध नाही. निवासी शाळांतल्या अत्याचाराच्या सुनावण्यांचे जबाब गोपनीय आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 6 ऑक्टोबर 2017 ला निकाल दिला, की ज्याचा जबाब त्याने मागणी केली नाही तर 15 वर्षांनी ते नष्ट करावेत. ती मुदत 19 सप्टेंबर 2027 ला संपते. जबाब स्वतःकडे हवा असेल, किंवा विनिपेगच्या सत्य आणि सलोखा राष्ट्रीय केंद्रात जपून ठेवायचा असेल, तर त्याआधी कळवावं लागतं. नष्ट होऊ द्यायचा असेल तर काहीच करायचं नाही. हा निर्णय ज्याचा जबाब त्याचाच. मुलं-नातवंडं आग्रह करतात, कधी अभ्यासकही करतात. आपण फक्त तारीख सांगावी.