स्वयंसेवी पाणचक्की

वाहत्या पाण्यावर चालणारी जुनी पिठाची गिरणी गावकऱ्यांनी दुरुस्त करून चालती ठेवण्याची व लोकांना पाहण्यासाठी खुली करण्याची पद्धत. ती मुख्यतः ब्रिटन, नेदरलँड्स आणि जर्मनी या देशांत रुजली आहे. गिरणीची मालकी धर्मादाय न्यासाकडे, स्थानिक परिषदेकडे किंवा एखाद्या कुटुंबाकडे असते. दळण, डागडुजी, पीठविक्री आणि पाहुण्यांना माहिती देणे ही कामे मात्र बिनपगारी माणसे करतात.

इंग्लंडमध्ये 1086 साली झालेल्या डूम्सडे पाहणीत (राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदणीत) सुमारे 6,000 गिरण्यांची नोंद आहे आणि त्या काळच्या गिरण्या बहुतांशी पाण्यावर चालत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दगडांऐवजी पोलादी रोलरांनी दळणाऱ्या मोठ्या गिरण्या बंदरांजवळ उभ्या राहिल्या. परदेशी गहू तिथेच उतरे आणि तिथेच दळला जाई. गावोगावच्या गिरण्या मग बंद पडल्या किंवा गुरांचे खाद्य भरडू लागल्या. डॉर्सेटमधील स्टूर नदीवरची स्टर्मिन्स्टर न्यूटनची गिरणी अशीच 1970पर्यंत तग धरून होती. जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी झटणाऱ्या ब्रिटिश संस्थेने 1931 मध्ये पवनचक्क्यांसाठी वेगळा विभाग काढला आणि 1946 मध्ये पाणचक्क्याही त्यात घेतल्या. नेदरलँड्समध्ये 1972 साली स्वयंसेवी गिरणीवाल्यांचा संघ स्थापन झाला. तिथल्या गिरणीवाल्यांच्या कौशल्याला 2017 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्या वेळी या कामावर पोट भरणारे जेमतेम चाळीस जण देशात होते. बाकी सारा भार स्वयंसेवकांवरच आहे.

गिरणी जतन करणे म्हणजे ती फिरती ठेवणे, हे या कामाचे मर्म आहे. लाकडी पाणचाक महिनोन्महिने एकाच जागी उभे राहिले की खालचा भाग पाणी पिऊन जड होतो, वरचा सुकून तडकतो, आणि पुन्हा सुरू करताना चाकाचा तोल जातो. म्हणून पाहुणे नसले तरी चाक अधूनमधून फिरवावेच लागते. नुसती रंगरंगोटी करून, दोरी बांधून, काचेआड ठेवलेली गिरणी डोळ्यांदेखत कुजत जाते.

पाणी पाटातून येते. दार उचलले की ते चाकावर पडते किंवा चाकाला खालून रेटते. उभे चाक मिनिटाला आठ-दहा फेरे घेते. दातेरी चाकांच्या साखळीतून हा वेग वाढत जातो आणि वरच्या मजल्यावरचा टनभर वजनाचा दगड मिनिटाला शंभराच्या आसपास फिरतो. अनेक ठिकाणी एक दातेरी चाक ओतीव लोखंडाचे, तर त्यात अडकणाऱ्या दुसऱ्या चाकाचे दाते सफरचंदाच्या किंवा हॉर्नबीमच्या लाकडाचे असतात. त्यामुळे आवाज कमी होतो, आणि काही अडकलेच तर एखादा लाकडी दाता तुटतो, लोखंडी चाक वाचते. आपल्याकडील छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की याहून वेगळी आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील या चक्कीचे चाक आडवे असून त्याचा आस थेट वरच्या दगडाला फिरवतो, मध्ये दातेरी चाके लागतच नाहीत. तिचे पाणी हर्सूलच्या बाजूच्या झऱ्यांपासून नहरीने आणलेले होते, आणि फकीर व वाटसरूंसाठी तिथे पीठ दळले जाई. आज ती पर्यटनस्थळ आहे, पण स्वयंसेवकांची गिरणी नव्हे.

गिरणीवाल्याचे खरे कसब बोटांत असते. पन्हळीतून उतरणारे पीठ तो अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहतो. भरड लागले तर दगड किंचित खाली घेतो, पीठ गरम लागले तर वर उचलतो. दाणे संपले आणि दगडावर दगड घासला तर ठिणग्या उडतात. पिठाच्या धुळीने भरलेल्या लाकडी इमारतीत याचा अर्थ आग. वापराने दगडांच्या खाचा बोथट होतात. तेव्हा वरचा दगड कप्पीने उचलून उलटा करायचा आणि पोलादी हत्याराने खाचा पुन्हा कोरायच्या. आपल्याकडे जात्याला टाकी लावतात तेच हे काम, फक्त दगड चार फूट रुंद. उत्तम दगड पॅरिसच्या पूर्वेकडील ला फेर्ते-सू-जुआरचे मानले जात. तुकडे जोडून आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळून ते बनवत.

तिकीट, पीठ, चहा-केक आणि शाळांच्या सहली यांतून रोजचा खर्च कसाबसा निघतो. चाकाची मोठी दुरुस्ती आली की अनुदान किंवा देणग्यांखेरीज गत्यंतर नसते. यॉर्कशायरमधील डरवेंट नदीवरच्या हाउशॅम गिरणीने वेगळी वाट धरली. तिथे त्याच पाण्यावर आर्किमिडीजचा स्क्रू, म्हणजे पाण्याच्या रेट्याने फिरणारा मोठा मळसूत्री दंड, बसवून वीज तयार करतात. बहुतेक गिरण्या मैद्याऐवजी कोंड्यासकटचे पीठ विकतात. त्यामागे चवीइतकेच कायद्याचेही कारण आहे: ब्रिटनमधील 1998च्या नियमांनी गव्हाच्या पिठात कॅल्शियम, लोह व ब जीवनसत्त्वे मिसळणे बंधनकारक ठेवले, पण संपूर्ण गव्हाचे पीठ त्यातून वगळले. याशिवाय नदीतून पाणी वळवण्याचा परवाना, ईल माशांना बंधारा ओलांडता यावा म्हणून 2009च्या नियमांनुसार करावी लागणारी सोय, पिठाच्या धुळीपासून फुप्फुसांचे रक्षण, फिरत्या चाकांभोवती जाळ्या, विमा ही कामेही कोणाला तरी करावीच लागतात. पाहुण्यांना दिसत नाहीत, पण ती अंगावर घेणारा माणूस मिळणे दगड कोरणारा मिळण्याइतकेच दुर्मीळ.

पाण्याचा भरवसाही राहिलेला नाही. हार्टफर्डशायरमधील रेडबर्नबरी गिरणीला वेर नदीचे पाणी अनेकदा अपुरे पडते, म्हणून तिथे क्रॉसली कंपनीचे जुने तेल-इंजिन जोडलेले आहे. काही जाणकारांना हे खटकते. पण चक्की बंद ठेवण्यापेक्षा इंजिनावर दळलेले पीठ बरे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

2020च्या वसंतात, कोविडच्या टाळेबंदीत, ब्रिटनमधील दुकानांतून पीठ गायब झाले, तेव्हा या गिरण्यांची उपयुक्तता उघड झाली. महिन्यातून दोनेक दिवस केवळ दाखवण्यापुरती दळणारी स्टर्मिन्स्टर न्यूटनची गिरणी पुन्हा पूर्ण वेळ चालू झाली. एरवी वर्षभर पुरणारा सुमारे टनभर गहू दोन-तीन आठवड्यांत दळून संपला आणि पीठ आसपासच्या दुकानांत गेले. दगड कोरलेले होते, दाते शाबूत होते आणि हाताळणारी माणसे गावातच होती, म्हणूनच हे जमले.

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी ब्रिटन व नेदरलँड्समध्ये, तर पेंटेकॉस्ट या ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणानंतरच्या सोमवारी जर्मनीत गिरणी-दिन पाळतात. नवे स्वयंसेवक बहुधा याच गर्दीतून मिळतात. पुष्कळ ठिकाणी जाणती मंडळी निवृत्त वयाची आहेत, त्यामुळे शिकवण्याची घाई आहे. नेदरलँड्समध्ये उमेदवाराला सर्व ऋतूंत मिळून किमान 150 तास अनुभवी गिरणीवाल्याच्या हाताखाली काढावे लागतात आणि मगच परीक्षेला बसता येते. ब्रिटनमध्ये अशी सक्ती नाही. तिथे विद्या एका गिरणीतून दुसरीत, माणसागणिक जाते.