फिल्टर स्वच्छ निघाला तेव्हा

दहा हजार किलोमीटर पळालेल्या डिझेल गाडीतून काढलेला ऑइल फिल्टर काळाकुट्ट असतो. कागदाच्या घड्यांमध्ये चिकट गाळ बसलेला असतो, बोटाला कचकच लागते. माझ्या जुन्या स्कोडा लॉराचा फिल्टर एकदा असा निघाला नाही. तेलाने कागद काळपट झाला होता, पण घड्या फाकवून पाहिल्या तर तळाशी गाळ असा नव्हताच. मेकॅनिक खूश. "काका, इंजिन एकदम साफ आहे तुमचं!"

मला मात्र ते पटेना. मी नवा फिल्टर खोक्यातून काढला आणि दोन्ही बाकावर शेजारी उभे केले. घेर सारखा, मधलं भोक सारखं, घड्याही जवळपास तेवढ्याच. फक्त जुना फिल्टर बोटभर बुटका होता. आधीच्या गॅरेजवाल्याने "हाच बसतो" म्हणत दुसऱ्याच कुठल्यातरी इंजिनाचा घालून दिला होता. टोपण बंद झालं, गळती नाही, दिवा लागला नाही. बसला म्हणजे चालला, असा हिशेब.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना पत्र्याच्या डब्यातला फिल्टर असतो. अख्खा डबा फिरवून काढायचा आणि नवा लावायचा. युरोपीय गाड्यांत बहुतेक वेळा नुसता कागदाचा पंखा असतो आणि तो इंजिनावरच्या कायमच्या घरात बसतो. तेल बाहेरून येतं, कागदातून आत झिरपतं आणि मधल्या नळीवाटे बेअरिंगांकडे जातं. पंखा बुटका असला की टोकाला फट राहते. कागदातून जायला जोर लागतो, फटीतून जायला लागत नाही. तेलाने सोपी वाट धरली आणि दहा हजार किलोमीटरभर न गाळलेलं तेल इंजिनात फिरत राहिलं. इंजिन साफ नव्हतंच, गाळणीला कामच मिळालेलं नव्हतं.

त्या दिवसापासून तेल आणि फिल्टर या दोन गोष्टींबाबत मी जरा किरकिरा झालो आहे.

नाशिकमध्ये शिंगाडा तलावावरच्या कुठल्याही दुकानात ऑइल मागितलं की पहिला प्रश्न येतो, "कोणता ग्रेड?" आपण म्हणतो, "५डब्ल्यू-३०". काउंटरवर दोन बाटल्या येतात. दोन्हींवर तोच आकडा, दोन्हींवर "फुल्ली सिंथेटिक", किमतीत मात्र दीडपट फरक. शहाणा माणूस स्वस्त उचलतो. गाडी जपानी असेल तर बहुधा काही बिघडत नाही. फोक्सवॅगन, स्कोडा, बीएमडब्ल्यू असेल तर बिघडू शकतं.

आधी त्या आकड्याचा अर्थ पाहू. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. ५डब्ल्यू म्हणजे उणे ३० अंश सेल्सियसला हे तेल ठरावीक मर्यादेपेक्षा घट्ट होत नाही. ही मर्यादा साधारण पातळ मधाइतक्या घट्टपणाची आहे. १५डब्ल्यूची हीच चाचणी उणे २० अंशांना होते. आपल्या जिल्ह्यात थंडीचा कडाका म्हणजे निफाड. तिथे पारा कधी कधी पाच अंशांच्या खाली उतरतो आणि द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. पण उणे तीस कुठे आणि निफाड कुठे! म्हणजे डावीकडचा आकडा आपल्याला निरुपयोगी का? अगदी तसं नाही. आठ अंशांच्या पहाटेही १५डब्ल्यू तेल ५डब्ल्यूपेक्षा सुस्त असतं आणि ते टर्बोपर्यंत पोचेतो एखाद-दोन क्षण जास्त लागतात. एवढाच काय तो फरक.

उजवीकडचा ३० हा तापलेल्या तेलाचा आकडा. १०० अंशांना तेलाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असली की त्याला ३० म्हणतात. त्यापुढे १६.३ पर्यंत ४०. साध्या पाण्याची श्यानता २० अंशांना सुमारे १ असते, त्यावरून अंदाज यावा. आता गंमत अशी की ही चाचणी तेल शांतपणे एका बारीक नळीतून आपल्या वजनाने खाली उतरत असताना घेतात. इंजिनात तेलाला अशी शांतता कुठे मिळते?

क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, बेअरिंगमध्ये तेलाचा थर जिथे सर्वांत पातळ होतो तिथे तो एखाद-दोन मायक्रॉनचा उरतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. या एवढ्याशा जागेत एक पृष्ठभाग स्थिर आणि दुसरा भन्नाट वेगाने सरकणारा, मध्ये तेल रगडलं जातंय. तापमानही १५० अंशांकडे झुकलेलं. तेलातले काही रेणू या रगड्याला बळी पडतात आणि ते समजून घ्यायचं तर ५डब्ल्यू-३० सारखं दुहेरी तेल बनतं कसं ते पाहावं लागेल.

काकवी हिवाळ्यात बरणीतून निघत नाही आणि गरम केली की पाण्यासारखी धावते. साधं खनिज तेलही तसंच. त्याला दोन्ही ऋतूंत वागायला शिकवण्यासाठी त्यात लांबलचक साखळ्यांचे पॉलिमर मिसळतात. थंडीत हे पॉलिमर अंगाचं मुटकुळं करून पडून राहतात, तेलाच्या वाटेत येत नाहीत. तापलं की हातपाय पसरतात, एकमेकांत अडकतात आणि पातळ होऊ पाहणाऱ्या तेलाला धरून ठेवतात. कल्पना झकास आहे. पण बेअरिंगच्या त्या रगड्यात या साखळ्या प्रवाहाच्या दिशेने सरळ होतात आणि त्यांचा आधार तेवढ्यापुरता सुटतो. काही तर कायमच्या तुटतात. नळीत ३० दिसणारं तेल बेअरिंगमध्ये वेगळंच निघतं ते यामुळे.

म्हणून दुसरी एक चाचणी आहे, एचटीएचएस. तेल १५० अंशांना, सेकंदाला दहा लाख इतक्या कातरणाच्या वेगाने रगडायचं आणि तेव्हाची श्यानता मोजायची. ३० ग्रेडच्या तेलाला इथे किमान २.९ पुरे (हे माप मिलिपास्कल-सेकंदांत, सेंटिस्टोक्समध्ये नाही). पण युरोपातल्या कार उत्पादकांच्या एसीईए या संघटनेच्या 'सी३' आणि 'ए३/बी४' या वर्गांत बसायचं तर किमान ३.५ लागते. काउंटरवरच्या त्या दोन बाटल्यांतला फरक बऱ्याचदा इथे असतो. एक २.९ वाली, दुसरी ३.५ वाली, आणि दोन्हींच्या पोटावर ठळक अक्षरांत तोच ५डब्ल्यू-३०.

युरोपला ३.५ चा हट्ट का? जर्मनीतल्या ऑटोबानवर गाडी तासन् तास भरधाव पळते, तेल तापलेलंच राहतं, शिवाय तिथे तेल बदलण्याचं अंतर लांब ठेवण्याकडे कल. जपानी उत्पादकांचा भर पातळ तेल वापरून इंधन वाचवण्यावर, आणि त्यांची इंजिनं त्या पातळ तेलासाठीच घडवलेली. दोघंही आपापल्या जागी बरोबर. नाशिककराच्या वाट्याला मात्र ऑटोबानचे हाल वेगळ्या रूपात येतात. मे महिन्यात भर दुपारी चार माणसं, सामान आणि एसी घेऊन कसारा घाट चढायचा, पुढे ट्रक, वेग वीसचा, रेडिएटरला वारा नाही. किंवा इगतपुरीहून समृद्धीवर चढायचं आणि ताशी १२० ला काटा धरून बाहेरच्या ४१ अंशांत सरळ सुटायचं. दोन्ही ठिकाणी तेलाची परीक्षा त्या १५० अंशांच्या बाजूला होते, उणे तीसच्या नाही.

मग जाड तेल टाकलं की झालं, २०डब्ल्यू-५०, असं सुचवणारे मेकॅनिक अजून भेटतात. त्यांची भावना चांगली असते. पण थंड इंजिनात जाड तेल फिल्टरच्या कागदातून जाईना झालं की बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे फिल्टरला वळसा घालून तेल सोडणारी झडप, उघडतो. कोरडं राहण्यापेक्षा न गाळलेलं तेल परवडलं, म्हणून केलेली ती सोय. रोज सकाळी ती सोय वापरायला लावायची म्हणजे माझ्या बुटक्या फिल्टरचीच गोष्ट, हप्त्या-हप्त्याने.

श्यानता एवढीच निवडायची असती तरी सोपं होतं. पण तेलात जे इतर मसाले असतात तिथे युरोपीय गाड्या खऱ्या नखरेल होतात. लॉराचं १.९ टीडीआय इंजिन 'पंपे-ड्यूजे' जातीचं. सातपूरच्या बॉशमध्ये, जुने लोक अजून मायकोच म्हणतात, काम केलेल्या कुणालाही विचारा, इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणारी तोटी, ही काय चीज असते ते तो सांगेल. पंपे-ड्यूजेत प्रत्येक सिलिंडरच्या इंजेक्टरला स्वतःचा पंप असतो आणि त्या पंपाला कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, दाबतो. दाब २००० बारच्या आसपास. पंपाला दाबणारी कॅमची नाकं, म्हणजे दांड्यावरचे उंचवटे, रुंद करावी लागली, जागा तेवढीच, म्हणून व्हॉल्व्ह दाबणारी नाकं अरुंद झाली. अरुंद नाक म्हणजे कमी जागेवर जास्त भार. तिथे तेलाचा थर टिकत नाही, धातू धातूला भिडतो. तेव्हा उपयोगी पडतं ते तेलातलं झेडडीडीपी, जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेलं एक संयुग. घर्षणाच्या उष्णतेने ते फुटतं आणि धातूवर काचेसारखा फॉस्फेटचा लेप धरतं, जाडी शंभरेक नॅनोमीटर. झिजतो तो लेप, आणि तेलातून पुन्हा धरला जातो. या इंजिनांसाठी फोक्सवॅगनने मुद्दाम ५०५ ०१ हा वेगळा मानक काढला तो अशा तेलाची कॅमवर परीक्षा घेऊनच. "सिंथेटिक आहे ना, मग काय" हे उत्तर तिथे चालत नाही.

मग झेडडीडीपी भरपूर घालावं? तिथे दुसरी बाजू आडवी येते. इंजिन थोडंफार तेल जाळतंच. जळालेल्या तेलातल्या धातूंची राख होते आणि ती डिझेल गाडीच्या धुराड्यातल्या डीपीएफमध्ये, म्हणजे काजळी अडवणाऱ्या गाळणीत, जाऊन बसते. काजळी जाळून टाकता येते, राख जळत नाही. ती साठतच जाते. फॉस्फरस धुरातले विषारी वायू निवळणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतो. म्हणून डीपीएफवाल्या गाड्यांना कमी राखेचं तेल लागतं. सी३ वर्गात सल्फेटेड राख ०.८ टक्क्यांपर्यंतच चालते, ए३/बी४ मध्ये ती १ ते १.६ टक्के. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ हा गाडीच्या धुराचा मानक आला आणि नव्या डिझेल गाड्यांना डीपीएफ आला, तेव्हापासून हा मुद्दा पुस्तकी राहिलेला नाही.

यात इंधनाचाही हात आहे. राख देणारे काही घटक आम्ल मारण्यासाठी घातलेले असतात आणि आम्ल येतं इंधनातल्या गंधकातून. बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधक दशलक्षात ३५० भागांपर्यंत चालत असे, बीएस-४ मध्ये ५०, आता १०. गंधकाने भरलेल्या जुन्या डिझेलवर कमी राखेचं तेल लवकर दमलं असतं. आज ते निवांत चालतं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणी अनुभवी माणसाने दिलेला सल्ला आज चुकीचा ठरतो तो असा, माणूस चुकलेला नसतो, पंपावरचं डिझेल बदललेलं असतं.

तर दुकानात बाटली उलटी करायची आणि मागच्या बारीक अक्षरांत आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला क्रमांक शोधायचा. फोक्सवॅगन-स्कोडासाठी ५०२ ००, ५०५ ०१ किंवा ५०४ ००/५०७ ००. बीएमडब्ल्यूसाठी लाँगलाइफ-०१ किंवा ०४, मर्सिडीजसाठी २२९.५ किंवा २२९.५१. रेनॉसाठी आरएन०७१०, आणि डीपीएफ असेल तर आरएन०७२०. रेनॉ म्हणजे परकी असंही नाही, २००७ साली आलेली लोगन आपल्या नाशिकच्या महिंद्रात बनायची आणि तिच्या डिझेल इंजिनाचं कूळ फ्रेंच होतं. क्रमांकाच्या आधीचा शब्दही वाचावा. 'अप्रूव्हल' म्हणजे गाडीच्या कंपनीने तेल तपासून मान्यता दिली. 'सूटेबल फॉर' किंवा 'मीट्स' म्हणजे तेलवाला स्वतःच म्हणतोय की चालेल. आणि नवा क्रमांक म्हणजे जुन्यापेक्षा चांगला असंही धरू नये. ५०७ ०० हे बहुतेक ठिकाणी ५०५ ०१ च्या जागी चालतं, पण त्यानंतरचं ५०८ ०० हे ०डब्ल्यू-२० तेल जुन्या इंजिनांत चालत नाही. त्याचा एचटीएचएस २.६ ते २.९ एवढाच. चुकून ओतलं जाऊ नये म्हणून त्याला हिरवट रंग दिलेला असतो.

फिल्टर घेताना ब्रँडपेक्षा मी पार्ट नंबर जुळवतो आणि उंची पट्टीने मोजतो. दुकानदार हसतो, हसू दे. गाळणी जितकी बारीक तितकी चांगली हाही गैरसमज आहे. फार बारीक कागद लवकर तुंबतो आणि पुन्हा तोच बायपास उघडतो. चांगल्या फिल्टरमध्ये घड्या समान अंतरावर असतात, टोकाच्या कडा कागदाला पक्क्या चिकटलेल्या असतात आणि खोक्यात नवी ओ-रिंग असते. ती रिंग गॅरेजमध्ये हमखास खोक्यासकट कचऱ्यात जाते आणि जुनी, चपटी झालेली तशीच राहते. मी आता आधी ती काढून शर्टाच्या खिशात ठेवतो.

सध्याचा माझा मेकॅनिक तरुण आहे, पण हाताला शिस्त आहे. तो ड्रेन बोल्टला हात लावण्याआधी फिल्टरचं टोपण सैल करतो, म्हणजे वरच्या घरातलं जुनं तेल खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, उतरतं. टोपण लावताना त्यावर छापलेल्या २५ एनएमला (न्यूटन-मीटर, आवळण्याच्या जोराचं माप) टॉर्क रेंच लावतो, कारण प्लास्टिकचं टोपण हाताच्या अंदाजाने आवळलं की तडकतं. तेल ओतताना मात्र दोघांचा वाद होतो. त्याला डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर "थोडं जास्त" आवडतं. जास्तीच्या तेलात क्रँकशाफ्ट बुडतो, ताक घुसळावं तसं ते घुसळतो आणि फेसाळलेलं तेल भार पेलत नाही, हे मी त्याला तीनदा सांगितलं आहे.

"आणि काका, पाचशे किलोमीटरमध्ये तेल काळं झालं तर मला फोन करू नका हां," असं तो यंदा म्हणाला. बरोबर आहे त्याचं. डिझेलमध्ये तेल काळं होतं कारण ते काजळी अंगावर घेऊन तरंगत ठेवतं, कुठे साचू देत नाही.

जुना फिल्टर मी घरी आणतो. गच्चीवर वर्तमानपत्र पसरून कागद कापतो, घड्या सरळ करतो आणि उन्हात तिरपं धरून पाहतो, चकाकणारं काही, म्हणजे झिजलेल्या धातूचा कीस, आहे का. मग चुंबक फिरवतो. यंदाचा काळाकुट्ट निघाला, घड्यांच्या तळाशी गाळ होता आणि चुंबकाला काही चिकटलं नाही.