परदेशातील रोमिंगचा खर्च बिल येण्याआधी कसा तपासावा?

सप्रेम नमस्कार.

मुलांना भेटायला, द्राक्षांच्या व्यापारासाठी किंवा पशुपतिनाथाच्या दर्शनाला सांगली-मिरजेहून परदेशी जाऊन आलेले आमचे काही पोस्टपेड ग्राहक थेट बिल हातात घेऊनच दुकानात येतात, आणि तोवर करण्यासारखे फारसे उरलेले नसते. ही माहिती प्रवासाआधीच हाती असावी, यासाठी हे पत्रक आहे. गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभर फिरणाऱ्या खानापूर-आटपाडीकडील मंडळींनी मात्र काळजी करू नये. देशांतर्गत रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉलला प्रचलित प्लॅनमध्ये वेगळा आकार लागत नाही. (अमरनाथ किंवा वैष्णोदेवीला निघालेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही.)

परदेशात असताना कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ‘अनबिल्ड’ (अजून बिलात न चढलेली) म्हणून जी रक्कम दिसते ती रोज पाहावी, पण ती अंतिम समजू नये. आपण तिथे केलेल्या वापराची नोंद आधी त्या देशातील कंपनीकडे होते आणि तेथून ती आपल्या कंपनीकडे येते. त्यात वेळ जात असल्यामुळे आजचा वापर अ‍ॅपमध्ये उशिरा दिसू शकतो, आणि महिनाअखेरीचा वापर कधी कधी पुढच्या बिलात चढतो. म्हणून निघताना फोनच्या सेटिंगमधील डेटा वापराचा आकडा टिपून ठेवावा आणि रोज रात्री तो अ‍ॅपमधील आकड्याशी ताडून पाहावा. परदेशी रोमिंगसाठी घेतलेल्या पॅकच्या किमतीवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, हेही हिशेबात धरावे.

पॅक घेताना त्यात आपला देश आहे का आणि ‘एक दिवस’ म्हणजे पहिल्या वापरापासून २४ तास की तारीख बदलेपर्यंत, हे विचारून घ्यावे. विमानातील व जहाजावरील नेटवर्क साध्या पॅकमध्ये सहसा नसते. तेथे फोन फ्लाइट मोडवरच ठेवावा. रक्सौल, सोनौलीसारख्या सीमेलगतच्या गावी फोन भारतात असतानाच नेपाळचा टॉवर पकडू शकतो, म्हणून तेथे नेटवर्क आपोआप न निवडता स्वतः निवडावे.

आमच्या अनुभवात सर्वांत जास्त विसरली जाणारी बाब म्हणजे कॉल फॉरवर्डिंग. न उचललेला कॉल परदेशातून पुन्हा भारतातील दुसऱ्या नंबरकडे वळला, तर येणारा आणि जाणारा असे दोन्ही आकार लागू शकतात. निघण्यापूर्वी ##००२# डायल केल्यास सर्व फॉरवर्डिंग बंद होते. व्हॉट्सअ‍ॅपवरील फोटो-व्हिडिओ रोमिंगमध्ये आपोआप उतरणार नाहीत अशी सोय त्याच्याच सेटिंगमध्ये आहे. बँकेच्या ओटीपीसाठी डेटा चालू ठेवण्याचे कारण नाही, कारण तो साध्या एसएमएसने येतो.

अ‍ॅपमधील रकमेबद्दल शंका आल्यास बिलाची वाट न पाहता कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. अर्ज लिहिण्यास आम्ही मदत करू. येताना मागील बिल आणि पॅक सुरू झाल्याचा एसएमएस आणावा, आणि तो एसएमएस तोपर्यंत पुसू नये.