घरट्यापासूनचे अंतर

नाशिकहून नांदूर मधमेश्वरला जाणारे पक्षीमित्र आज ‘घरट्याचा फोटो काढायचा नाही’ हा संकेत गृहीतच धरतात. पक्षिछायाचित्रणाची सुरुवात मात्र घरट्यापासूनच झाली. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले आणि पुढे पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून बैलाच्या पोकळ कातड्यात दडून बसण्यापर्यंत त्यांची मजल गेली. त्या काळच्या जड कॅमेऱ्यांना दूरचे टिपता येत नसे, आणि पक्षी हमखास परत येईल अशी जागा एकच होती. त्यामुळे घरट्यासमोर लपण उभारणे आणि आड येणाऱ्या फांद्या बाजूला करणे हे तेव्हा कसब मानले जाई. त्याला दोष देण्याची घाई आपण करू नये, असे मला वाटते.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने ‘शिकार’ या संज्ञेतच पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे समाविष्ट केले, तर अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेशाच्या परवान्याची तरतूद केली. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झालेली नांदूर मधमेश्वरची पाणथळ १९८६ मध्ये अभयारण्य झाली आणि पुढे राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, ठरली. परंतु पक्ष्यांची वीण अभयारण्याची हद्द पाहून होत नाही.

टिटवीचेच पाहा. नांगरलेल्या रानात किंवा नदीकाठच्या खड्यांमध्ये ती उघड्यावर, बहुधा चार, मातकट ठिपकेदार अंडी घालते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात त्यांच्यावर सावली धरते आणि पोटाची पिसे पाण्यात भिजवून येऊन त्यांना गारवा देते. कोणी जवळ आले की ती उठून डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहते आणि तेवढा वेळ अंडी तापत राहतात.

डिजिटल कॅमेरे आणि लांब पल्ल्याच्या लेन्स आल्यावर जवळ जाण्याचे जुने कारण उरले नाही, हौस मात्र वाढली. रिळाचा खर्च नसल्याने एकाच पक्ष्यासमोर तासभर थांबणे सोपे झाले, मोबाइलवर वाजवलेल्या आवाजाने नवरंगासारखा लाजरा पक्षी झुडपातून बाहेर काढता येऊ लागला आणि घरट्याचा पत्ता संध्याकाळपर्यंत शंभर जणांच्या हाती पडू लागला. म्हणूनच हल्ली जाणते पक्षीनिरीक्षक फोटो दाखवतात, पण तो कोणत्या बांधावर काढला हे सांगत नाहीत.