'नैराश्याचं जनुक' सापडलेलं नाही

'नैराश्याचं जनुक सापडलंय; ते अंगात असेल आणि आयुष्यात मोठा आघात झाला, की माणूस खचतोच.' हे विधान वीसेक वर्षं फिरतंय. ते खरं नाही.

उगम 2003 मधला. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या मुलांचा मागोवा शास्त्रज्ञ घेत होते. त्यांतल्या 847 जणांच्या माहितीवरून असं दिसलं, की सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित एका जनुकाचा आखूड प्रकार असणाऱ्यांना तणावानंतर नैराश्य जास्त येतं. कल्पना देखणी होती, पण नमुना फार तोकडा. 2009 मध्ये 14 अभ्यासांतल्या 14,250 जणांची माहिती एकत्र तपासली. तणावाचा परिणाम ठळक राहिला, जनुकाचा दिसेनासा झाला. 2019 मध्ये लाखोंच्या नमुन्यांवर अशी 18 गाजलेली जनुकं तपासली, हाती काही लागलं नाही.

मग अनुवंशिकता खोटी का? नाही. हजारो जनुकांचा वाटा असतो, प्रत्येकाचा कणभर.

परिस्थितीचं मोजमापही तितकंच अवघड, कारण शिक्षण किंवा संगत माणूस काही अंशी स्वतःच निवडतो. म्हणून अर्थशास्त्रज्ञ माणसाच्या निवडीवर अवलंबून नसलेले कायद्यातले बदल शोधतात. लठ्ठपणाचं उदाहरण घ्या. इंग्लंडमध्ये 1972 साली शाळा सोडण्याचं किमान वय 15 वरून 16 झालं. हा नियम 1 सप्टेंबर 1957 पासून जन्मलेल्यांना लागू होता. त्या तारखेच्या आगेमागे जन्मलेल्यांची तुलना केली, तेव्हा शाळेच्या त्या वाढीव वर्षामुळे लठ्ठपणाचा जास्त आणि कमी अनुवंशिक धोका असणाऱ्यांमधली तफावत बरीच घटलेली आढळली.