वापरलेला एंटरप्राइज स्विच : घरगुती मांडणी व आवाजनियंत्रण

कार्यालये, महाविद्यालये, बँका आणि डेटा सेंटर यांनी वापरून काढून टाकलेले नेटवर्क स्विच (अनेक संगणकांना केबलने एकमेकांशी जोडणाऱ्या पेट्या) विकत घेऊन घरातील स्थानिक नेटवर्कमध्ये बसवणे आणि त्यांच्या पंख्यांचा आवाज राहत्या घरात चालेल इतका खाली आणणे, या दोन्हींचा विचार येथे एकत्र केला आहे. उत्पादकाचा तांत्रिक पाठिंबा संपत आला की संस्था चालू स्थितीतील स्विचही बदलतात. त्यामुळे नवा असताना घरगुती ग्राहकाच्या आवाक्याबाहेर असलेला संच काही वर्षांनी स्वस्तात मिळतो. अमेरिका व युरोपात या छंदाला ‘होमलॅब’ म्हणतात. त्याची सुरुवात नेमकी केव्हा झाली हे ठरवणे कठीण आहे. नेटवर्क उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीची ‘सीसीएनए’ ही प्रमाणपत्र परीक्षा १९९८ मध्ये सुरू झाल्यावर सरावासाठी जुनी उपकरणे घेणारा विद्यार्थिवर्ग तयार झाला, तेव्हा २००० नंतरच्या दशकाकडे बोट दाखवणे बहुधा योग्य ठरेल.

उगम व नाव : केबलने संगणक जोडण्याच्या ईथरनेट या पद्धतीची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात मे १९७३ मधील एका टिपणात मांडली. डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने ती प्रत्यक्षात आली. त्या काळी सगळे संगणक एकाच समाक्ष केबलवर असत आणि एका वेळी एकालाच पाठवता येई. संगणक वाढले तसे केबलचे तुकडे पाडून ते जोडणारी ‘ब्रिज’ ही यंत्रे आली. कोणता पत्ता कोणत्या बाजूला आहे हे स्वतः शिकणाऱ्या ब्रिजचे श्रेय डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील मार्क केम्फ यांना दिले जाते. जोडणीत वळसे पडले तर फ्रेम (पाठवलेल्या माहितीचे गठ्ठे) त्यांत अखंड फिरत राहू नयेत यासाठीची ‘स्पॅनिंग ट्री’ पद्धत त्याच कंपनीत रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये तयार केली. १९९० च्या ८०२.१डी मानकात तिला स्थान मिळाले.

पहिला स्विच कोणता, याबद्दल मात्र एकवाक्यता नाही. बहुतेक वर्णनांत हा मान कॅलिफोर्नियातील ‘कल्पना’ या कंपनीच्या सात पोर्टांच्या (केबल लावण्याच्या खोबणींच्या) ‘ईथरस्विच’ला दिलेला आढळतो. ही कंपनी १९८७ मध्ये स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत विनोद भारद्वाज हे होते आणि १९९४ मध्ये ती सिस्कोने घेतली. ईथरस्विचचे वर्ष काही ठिकाणी १९८९, तर काही ठिकाणी १९९० असे मिळते. १९९० हे अधिक मान्य दिसते.

दुसरे मत असे की कल्पनाने नवी वस्तू केली नाही, अनेक पोर्टांच्या ब्रिजला नवे नाव दिले. कल्पनाच्या यंत्राचे वैशिष्ट्य ‘कट-थ्रू’ पद्धतीत होते. फ्रेमच्या आरंभीचा गंतव्य पत्ता वाचला की उरलेली फ्रेम येण्याची वाट न पाहता ती पुढे पाठवायची, अशी ही पद्धत. ब्रिज आधी सगळी फ्रेम साठवतो, तपासतो आणि मग पाठवतो. १० मेगाबिट वेगाला १,५१८ बाइटांची सर्वांत मोठी फ्रेम साठवायला सुमारे १.२ मिलिसेकंद लागतात. वाटेत असे चार-पाच टप्पे असले तर तेव्हाच्या कार्यक्रमांना तो विलंब जाणवत असे. गिगाबिट वेगाला तोच काळ १२ मायक्रोसेकंदांवर येतो. त्यामुळे कट-थ्रूची गरज ओसरली आणि साठवून पाठवण्याची पद्धतच रूढ झाली. डेटा सेंटरमधील काही अतिवेगवान स्विचांत कट-थ्रू पुन्हा दिसते, पण घरगुती वापरात तिला महत्त्व नाही. मानकांची भाषा आजही ‘ब्रिज’ हाच शब्द वापरते, हे दुसऱ्या मताच्या बाजूने जाते. ‘पहिला ब्रिज डिजिटलचा आणि बाजारात यशस्वी झालेला पहिला स्विच कल्पनाचा’ ही मांडणी पुराव्याला अधिक धरून वाटते.

या इतिहासाचा आवाजाशी थेट संबंध आहे. फ्रेम पुढे पाठवण्याचे काम सर्वसाधारण प्रोसेसरकडून खास चिपकडे गेले, एकेका पेटीत २४ किंवा ४८ पोर्ट आले आणि ती सगळी उष्णता बाहेर काढण्यासाठी पंखे आवश्यक झाले.

आवाजाचे मूळ : रॅकमध्ये बसणाऱ्या उपकरणाची उंची ‘यू’ या एककात मोजतात. १ यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. या उंचीत फार तर ४० मिलिमीटरचा पंखा उभा राहतो. इतक्या लहान पात्यांनी पुरेशी हवा ढकलायची तर ती फार वेगाने फिरवावी लागतात. पात्यांची संख्या गुणिले मिनिटाला होणारे फेरे, भागिले ६०, इतक्या वारंवारतेचा एक ठळक सूर पंख्यातून निघतो. सात पात्यांचा पंखा ९,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर हा सूर १,०५० हर्ट्झचा येतो. त्याचे अधिस्वर दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात पडतात आणि माणसाचा कान तिथेच सर्वांत तिखट असतो. मोठ्या छतपंख्याची घरघर झोपेत विरून जाते, पण या शिट्टीचे तसे होत नाही. शेजारच्या दोन पंख्यांच्या वेगांत किंचित फरक असला की आवाज लाटेसारखा चढत-उतरत राहतो आणि अधिकच टोचतो.

वेग कमी करण्याचा फायदा मोठा आहे आणि त्याची किंमतही तितकीच मोठी आहे. पंख्यांच्या नियमांनुसार हवेचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात, दाब वेगाच्या वर्गाच्या आणि वीज घनाच्या प्रमाणात बदलते. आवाज साधारणपणे वेगाच्या पाचव्या घातानुसार बदलतो असे धरतात. म्हणजे वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, प्रवाह निम्मा होतो, पण दाब चौथ्या हिश्शावर येतो. चिपची उष्णता शोषणाऱ्या हीटसिंकच्या दाट पट्ट्यांतून हवा घुसवायला दाबच लागतो. ही शेवटची गोष्ट दुर्लक्षिली गेल्यामुळेच बरेच प्रयोग फसतात.

उत्पादक हे पंखे निष्काळजीपणे बसवतात असे नाही. या वर्गातील बरेच स्विच ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीत, सगळी पोर्टे भरलेली असताना चालतील असे आखलेले असतात. डेटा सेंटरच्या हवेसाठी ॲश्रे या अमेरिकी संस्थेची शिफारस १८ ते २७ अंशांची आहे. घरात आठ-दहा पोर्टेच वापरात असली आणि खोली ३० अंशांच्या आत राहत असली तर या दोन परिस्थितींमध्ये जी सवड उरते, ती आवाज उतरवण्यासाठी वापरता येते.

आवाज उतरवण्याच्या पद्धती : स्विच सुरू होताना पंखे पूर्ण वेगाने फिरतात आणि सॉफ्टवेअर चढल्यावर खाली येतात. म्हणून दहा मिनिटे वाट पाहिल्याखेरीज संचाबद्दल मत बनवू नये. त्यानंतर आधी उष्णता कमी करावी. केबलवरून वीज देणारी ‘पीओई’ सोय लागत नसेल तर ती नसलेलाच संच घ्यावा. ३७० किंवा ७४० वॉटची तरतूद असलेला वीजपुरवठा रिकामा असतानाही वीज खातो आणि तापतो. न लागणारी पोर्टे बंद करावीत. २०१० च्या ८०२.३एझेड मानकातील वीजबचत उपलब्ध असेल तर ती चालू करावी. काही प्रणालींत पंख्यांचा वेग आज्ञेने बांधता येतो. अरिस्टा कंपनीच्या ईओएस या स्विच-प्रणालीत तो टक्केवारीत देता येतो.

याने भागले नाही तरच पंखे बदलण्याकडे वळावे. या कामात नॉक्टुआ कंपनीच्या ४०×४०×२० मिलिमीटरच्या पंख्याचे नाव नेहमी घेतले जाते. मिनिटाला ५,००० फेरे, तासाला ९.४ घनमीटर हवा आणि १४.९ डेसिबल हे त्याचे जाहीर आकडे आहेत. प्रवाहाचा हा आकडा पुढे काहीच अडथळा नसतानाचा असतो, पेटीत बसवल्यावर तितकी हवा मिळत नाही. मूळ पंखा २८ मिलिमीटर जाडीचा असेल तर फरक आणखी वाढतो.

जोडणीत दोन अडचणी येतात. पहिली तारांच्या क्रमाची. संगणकाच्या पंख्यांत ऋण, १२ व्होल्ट आणि वेगसंकेत असा क्रम असतो. स्विच बनवणाऱ्या काही कंपन्या तो बदलतात, त्यामुळे मल्टिमीटरने खात्री करून पिना उचकटून पुन्हा लावाव्या लागतात. दुसरी अडचण संकेताची. बहुतेक पंखे प्रत्येक फेऱ्याला दोन स्पंद पाठवतात आणि स्विच ते मोजतो. काही पंख्यांची तिसरी तार मात्र ‘पंखा फिरतो आहे’ किंवा ‘अडकला आहे’ एवढेच सांगते. हे दोन प्रकार एकमेकांच्या जागी चालत नाहीत. फेरे अपेक्षेपेक्षा कमी मोजले गेले तर काही संच केवळ पिवळा दिवा लावतात, काही उरलेले पंखे पूर्ण वेगाने सोडतात आणि काही बंदच पडतात.

मूळ पंख्याच्या तारेत रोधक घालून व्होल्टेज उतरवण्याची जुनी युक्ती स्वस्त आहे. पण पंखा फिरत ठेवायला लागते त्यापेक्षा तो सुरू करायला अधिक व्होल्टेज लागते. म्हणून आज चालणारा पंखा वीज जाऊन आल्यावर, धूळ बसलेली असेल तर, उठतच नाही. वेगसंकेताला खोटा स्पंद देऊन पंखाच काढून टाकणारेही आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते हे कधीही करू नये, कारण त्याने पंखा बंद पडल्याची स्विचला मिळणारी सूचनाच आंधळी होते. पंखे बदलण्याआधी आणि नंतर तापमान नोंदवणे हा यातला निर्णायक भाग आहे. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट मालिकेत ‘शो एन्व्ह ऑल’ या आज्ञेने ते दिसते. वर्षातल्या सर्वांत गरम दुपारी, भर कामात, आकडा इशाऱ्याच्या मर्यादेच्या बराच खाली राहिला तरच बदल टिकाऊ समजावा.

वीजपुरवठ्याचा डबा उघडू नये. २३० व्होल्टवर त्यातील धारित्रांत ३२५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक एकदिश दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ उरतो. शांतता हीच पहिली गरज असेल तर मुळात पंखा नसलेला छोटा संच घेणे शहाणपणाचे. कॅटॅलिस्ट २९६०-सीएक्स व ३५६०-सीएक्स आणि ज्युनिपरचा ईएक्स २२००-सी ही त्याची उदाहरणे.

निवड व मांडणी : खरेदीत हमखास होणारी चूक वेगाची असते. कॅटॅलिस्ट २९६० या एकाच नावाखाली १०० मेगाबिटची २४ पोर्टे आणि गिगाबिटची केवळ दोन असलेले संचही येतात. म्हणून मॉडेलची पूर्ण अक्षरे वाचावीत.

संच आल्यावर आधीच्या मालकाची त्यात साठवलेली मांडणी (सेटिंग्ज) पुसून टाकावी. तीत संकेतशब्द, पत्ते आणि विभागांची नावे शिल्लक राहिलेली आढळतात. सिस्कोच्या ‘टाइप ७’ पद्धतीने लपवलेले संकेतशब्द सहज उलगडतात, त्यामुळे विकणाऱ्यानेही हे पुसणे तितकेच आवश्यक आहे. जोडणीसाठी कन्सोल केबल (स्विचच्या व्यवस्थापनाच्या खोबणीत लावायची) आणि यूएसबी-सिरियल जोडक लागतो. सिस्कोच्या संचांचा ठरलेला वेग ९,६०० बॉड असतो. संकेतशब्द माहीत नसला तर कॅटॅलिस्टवर ‘मोड’ बटण दाबून ठेवत वीज सुरू करतात आणि जुनी मांडणी बाजूला सारतात. व्हीलॅनची (एकाच स्विचवर पाडलेल्या स्वतंत्र आभासी नेटवर्कची) यादी वेगळ्या फाइलमध्ये असते, तीही काढावी. ती राहिली आणि स्विचांनी ही यादी आपापसांत वाटून घेण्याची ‘व्हीटीपी’ सोय चालू असली, तर जुन्या संचाचा आवृत्तीक्रमांक वरचढ ठरून घरातील दुसऱ्या स्विचची यादी पुसली जाऊ शकते.

पुढची मांडणी थोडक्यात अशी : व्यवस्थापनासाठी स्वतंत्र पत्ता द्यावा, टेलनेट (दुरून आज्ञा देण्याची उघडी जोडणी) बंद करून एसएसएच (तीच जोडणी सांकेतिक रूपात) चालू करावे आणि पाहुणे, कॅमेरे व घरचे संगणक यांना वेगळे व्हीलॅन द्यावेत. संगणकाच्या पोर्टांवर केबल लावताच पोर्ट चालू करणारी ‘पोर्टफास्ट’ सोय लावावी, नाहीतर स्पॅनिंग ट्रीमुळे केबल जोडल्यावर सुमारे ३० सेकंद काहीच चालत नाही आणि स्विच बिघडल्याची समजूत होते. तिसऱ्या स्तराचा स्विच राउटिंग (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात माहिती पोहोचवणे) करत असला तरी असे बहुतेक स्विच ‘नॅट’ (घरातील अनेक पत्ते एका सार्वजनिक पत्त्यामागे नेणे) करत नाहीत, तेव्हा इंटरनेटसाठी राउटर ठेवावाच लागतो. पाठिंबा संपलेल्या सॉफ्टवेअरमधील उणिवा पुढे दुरुस्त होत नाहीत. नवा स्विच आपोआप मांडणाऱ्या सिस्कोच्या ‘स्मार्ट इन्स्टॉल’ सोयीतील २०१८ ची गंभीर उणीव हे त्याचे ठळक उदाहरण. ही सोय बंद करावी आणि व्यवस्थापनाचा पत्ता बाहेरून कधीही पोहोचण्याजोगा ठेवू नये.

महाराष्ट्रातील वापर : मुंबईतील लॅमिंग्टन रोड हा जुन्या-नव्या इलेक्ट्रॉनिक मालाचा परिचित बाजार. पुण्यात माहिती-तंत्रज्ञानाचे शिकाऊ विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. हवामानामुळे परदेशी प्रयोग इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. थंड देशातील तळघरात निर्धास्त चालणारा ५,००० फेऱ्यांचा पंखा विदर्भातील मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, पुरेलच असे नाही. कोकणात खारी दमट हवा जोडांवर गंज आणते. माळ्यावर किंवा बंद कपाटात संच ठेवण्याची पद्धत दोन्हीकडे टाळावी. सतत ५० वॉट खाणारा स्विच वर्षाला ४३८ युनिटे वीज घेतो, हा हिशेब खरेदीच्या किमतीशेजारी मांडून पाहावा.

अर्थिंगकडे विशेष लक्ष हवे. या संचांची पेटी धातूची असते आणि आतील गाळणी परिपथातून अल्प प्रवाह अर्थिंगकडे वाहतो. जुन्या वाड्यांत व चाळींत अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर पेटीला हात लावताच झिणझिण्या येतात. त्याचा दोष स्विचला दिला जातो, पण दुरुस्ती वायरिंगची करायची असते. निकामी संच भंगारात न देता अधिकृत पुनर्चक्रण केंद्रात द्यावेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम, २०२२ माहिती-तंत्रज्ञानाच्या उपकरणांनाही लागू आहेत.