मुलांनी बघायचं नाटक आणि मुलांनी करायचं नाटक

दिवाळीची सुट्टी संपली की यवतमाळ-वर्ध्याकडच्या शाळांमधून एकच विचारणा सुरू होते : "गॅदरिंगसाठी एखादं चांगलं बालनाट्य सांगा ना." आता तर तीन शिक्षकांच्या, चाळीस-पन्नास पटाच्या शाळासुद्धा आठवड्यातून एक तास नाटकाला द्यायचं म्हणताहेत. ही फार चांगली गोष्ट आहे. म्हणूनच संहिता निवडताना वर्षानुवर्षं चाललेला घोळ आता तरी थांबायला हवा. बालनाट्य या नावाखाली दोन निरनिराळ्या जातींची नाटकं छापली जातात. काही मुलांनी बघायची असतात, काही मुलांनी करायची. शाळेला हवं असतं दुसरं आणि उचललं जातं पहिलं.

पहिलं तुम्हाला चांगलं माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. सुधा करमरकरांच्या लिटिल थिएटरने १९५९ मध्ये रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' केलं आणि त्यानंतर मराठीत राजा, राक्षस, चेटकीण, बोलणारे प्राणी यांची मोठी परंपरा उभी राहिली. मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण आठवा. ते काम आधी दिलीप प्रभावळकरांनी केलं आणि २०१८ साली नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगलेंनी. दोघेही कसलेले, मोठ्या वयाचे नट. त्या भूमिकेची गरजच तशी आहे. समोर शेकडो मुलं ओरडत असताना तो गोंगाट अंगावर घ्यायचा, त्याला उत्तर द्यायचं आणि पुन्हा गोष्टीवर यायचं, हे सातवीतल्या पोराचं काम नाही. यात नाटकाचा काहीच दोष नाही. ते लिहिलंच आहे मोठ्यांनी मुलांपुढे करण्यासाठी.

या दोन जातींमधले बाकीचे फरक किरकोळ आहेत. लांबी कापता येते. पोशाख घरातल्या लुगड्या-धोतरांतून होतात. विनोदी की गंभीर, यावर शिक्षक तासन्‌तास वाद घालतात. तो ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. राक्षस असला म्हणजे बघायचं आणि शाळा-मैदान असलं म्हणजे करायचं, असंही काही नाही. मुलांनी करायच्या नाटकात राक्षस खुशाल असावा.

खरा फरक एकच : नाटकाचा भार कुणाच्या खांद्यावर आहे?

बघायच्या नाटकात तो दोघा-तिघांवर असतो. त्यांची वाक्यं लांब असतात, गोष्ट त्यांच्या तोंडून पुढे सरकते, बाकीचे येतात, हसवतात, जातात. शाळेने असं नाटक घेतलं की काय होतं ते दर हिवाळ्यात दिसतं. वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाचा मुलगा यांना मुख्य कामं मिळतात. उरलेल्या पंचवीस जणांना पुठ्ठ्याची झाडं करून मागे उभं करतात. मला या झाडांचा मनापासून राग येतो. मूल महिनाभर तालमीला येतं, आई-बाप रात्री थंडीत घोंगडी पांघरून बघायला बसतात आणि पोरगं वीस मिनिटं दोन्ही हात वर करून उभं असतं. त्याला त्यातून नाटक काय कळणार?

दुसरी अडचण आपल्या भागाची. गॅदरिंग होतं डिसेंबर-जानेवारीत आणि तेव्हाच कापसाचा दुसरा-तिसरा वेचा सुरू असतो, तूर कापायला आलेली असते. आई वेचायला गेली की धाकट्याला सांभाळायला मोठी बहीण घरी राहते. हायस्कूलमधल्या मुलींना ने-आण करणारी सरकारच्या मानव विकास योजनेची बस ठरल्या वेळेला सुटते, ती तालमीसाठी थांबत नाही. म्हणजे कुठल्याही दिवशी पाच-सहा मुलं नसणारच, हे धरूनच नाटक निवडायला हवं. सगळा भार जिच्यावर आहे ती मुलगी आठवडाभर आली नाही, तर बघायच्या बांधणीचं नाटक तिथेच थांबतं. मग आयत्या वेळी रेकॉर्डिंग लावून मुलांना ओठ हलवायला लावतात. तसं करण्यापेक्षा नाटक न केलेलं बरं.

करायच्या नाटकात भार वाटलेला असतो. कसा, ते दाखवण्यासाठी एक तुकडा इथेच लिहून देतो. गावातल्या विहिरीचा दोर नाहीसा झालाय आणि सगळी पोरं विहिरीभोवती जमलीत :

पहिली : दोर कुठी गेला?
दुसरा : काल तं होता नं थो!
तिसरी : बादली तं अठीच हाये.
चौथा : मंग दोर काहून नाही?
सगळे : (आत वाकून) दोर कुठी गेलाऽऽ?

यातली तिसरी आज आली नाही तर तिचं वाक्य चौथा म्हणतो, गोष्ट अडत नाही. एकही वाक्य एका श्वासापेक्षा मोठं नाही. आणि ज्यांना वाक्यच नाही ती मुलंसुद्धा विहिरीत वाकून बघताहेत, दोर शोधताहेत. प्रेक्षकांचं लक्ष त्या विहिरीकडे नेण्याचं काम तीच करतात. विहीर तरी कुठे आहे? पंधरा पोरं गोल उभी राहिली की विहीर झाली. डेकोरेशनवाल्याकडून पडदा भाड्याने आणायची गरज नाही.

संहिता हातात आली की गोष्ट वाचून भुलू नका. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक पात्राची वाक्यं मोजा. निम्म्याहून जास्त वाक्यं दोघांकडे असतील तर ते पुस्तक बाजूला ठेवा, मग ते कितीही गाजलेलं असो. नंतर प्रत्येक प्रवेशात जे बोलत नाहीत ते काय करताहेत, ते बघा. लेखकाने त्यांना काहीच काम दिलेलं नसेल, तर ते नाटक मुलांनी करण्यासाठी लिहिलेलं नाही. शेवटी सगळ्यांत लांब वाक्य पाचवीतल्या एखाद्या शांत मुलाकडून मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला म्हणवून घ्या. आपल्याकडे मंडपात दोन उभे माइक असतात आणि एरवी मुलं त्या माइकपुढे रांग लावून नाटक म्हणतात. चार जणांनी मिळून म्हटलेलं लहान वाक्य माइकशिवाय शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचतं. लांब स्वगत पोचत नाही.

अशी बांधणी मोठ्या शहरांतही यशस्वी झालेली आहे. मुंबईच्या आविष्कार या नाट्यसंस्थेच्या चंद्रशाला या बालविभागाचं 'दुर्गा झाली गौरी' मुलांचा मोठा ताफा घेऊनच उभं राहिलं. पण आपल्याला तिकडे बघायचीही गरज नाही. वऱ्हाडातल्या गावागावांत खंजिरी भजन आहे. तुकडोजी महाराजांच्या पद्धतीने एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी उचलून धरायचं, हे पोरांच्या कानात बसलेलं असतं. गाडगेबाबा कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. एकाचा सवाल, सगळ्यांचा जवाब. पूर्वेकडे भंडारा-गडचिरोलीत दंडार हे नाच-गाण्याचं लोकनाट्य आहे, तिथली मुलं समूहात नाचत-गातच वाढतात. ही बांधणी घेऊन शिक्षकाने स्वतः वीस मिनिटांचं नाटक लिहावं, असं मी ठामपणे सांगेन. साने गुरुजींच्या गोष्टी त्यासाठी उत्तम आहेत. त्यांचं निधन १९५० चं, लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे नाट्यरूपांतराला कुणाची परवानगी लागत नाही.

याच पूर्व विदर्भात, म्हणजे झाडीपट्टीत, एक वेगळीच गफलत होते. तिथल्या शिक्षकांनी लहानपणापासून रात्रभराची नाटकं पाहिलेली असतात, म्हणून शाळेतही खलनायक, लावणी आणि रडवणारा शेवट हवा असतो. झाडीपट्टीची रंगभूमी मोठी आहे; परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती तिथल्याच कामासाठी. पण ती मोठ्या माणसांची, पेशाने काम करणाऱ्या नटांची रंगभूमी आहे. दहा वर्षांच्या मुलीला त्या नाटकातली सोसणारी बायको करायला लावणं मला अजिबात पटत नाही.

भाषेबद्दलही माझं मत पक्कं आहे. मुलं घरी 'मले', 'तुले' म्हणतात, तर नाटकातही म्हणू द्या. प्रमाण मराठीची सवय वाचनाच्या तासाला करून घेता येते. नाटकात ती लादली की मूल प्रत्येक वाक्याआधी थबकतं आणि चेहऱ्यावरचं सगळं जातं. आणि शेवटच्या दोन मिनिटांत गुरुजी येऊन स्वच्छतेवर भाषण देतात तो प्रवेश सरळ कापा.

एखादं गाजलेलं बघायचं नाटकच शाळेच्या मनात भरलं असेल, तर दोन वाटा आहेत. ते गावातल्या तरुण मंडळींनी आणि शिक्षकांनी मुलांसाठी करावं. गावोगावी हौशी नट आहेत, मुलांना मोठ्यांचं काम जवळून बघायला मिळेल आणि नाटक ज्यासाठी लिहिलं तसंच होईल. दुसरी वाट म्हणजे मुख्य भूमिका वाटून घेणं : पहिल्या प्रवेशात एक चेटकीण, दुसऱ्यात दुसरी, ओळख पटावी म्हणून एकच काळं घोंगडं या अंगावरून त्या अंगावर. मुलांना हे फार आवडतं आणि प्रेक्षकांनाही लगेच कळतं.

मात्र असे बदल करण्याआधी लेखकाला किंवा त्यांच्या वारसांना पत्र लिहा. शाळेतल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे, पण ती प्रेक्षकांत शाळेचे कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि शाळेच्या कामाशी जोडलेली माणसं एवढीच असतील तेव्हा. आपल्याकडे गॅदरिंगला अख्खं गाव येतं. प्रकाशकाचा पत्ता पुस्तकाच्या पहिल्या पानांत असतो. पत्रात शाळेचं नाव, प्रयोगाची तारीख, तिकीट नाही हे, आणि काय बदलणार ते स्वच्छ लिहावं. हे पत्र तालमी सुरू करण्याआधी, शक्यतो दिवाळीपूर्वीच टाकावं.